पाठमोरा न्हावी

कार्ड क्रमांक ३१. पेन्सिलीने, अक्षर उजवीकडे कललेलं.

कोण आवडलं? व्हिलन.
कोणावर विश्वास बसला नाही? न्हावी. पहिल्यापासून. मेला तेव्हा बरं वाटलं.
कुठे कंटाळा आला? नाही.

न्हावी हा त्या सिनेमातला सगळ्यात सज्जन माणूस आहे.

सिनेमा बाहेरचा. घोडे, बंदुका, धुरळा. एका उजाड गावात एक परका येतो. गावाचा मालक होऊन बसलेल्या गुंडाशी त्याचं जुनं वैर. मधे गावातली चार माणसं: दारूचा गुत्ता चालवणारी बाई, तारऑफिसातला चष्मेवाला, भित्रा फौजदार आणि न्हावी. न्हावी परक्याला आपल्या दुकानाच्या तळघरात लपवतो. गुंडाची माणसं तीनदा येऊन विचारतात, तो तोंड उघडत नाही. शेवटी दुकानाच्या दारात गोळी खाऊन मरतो. त्या मरणावर हॉलने रडावं अशी सगळी सोय मूळ सिनेमात करून ठेवलेली आहे. व्हायोलिनसुद्धा आहे.

आम्ही हे असले सिनेमे आपल्या भाषेत आणतो. तिसरा मजला, आवाज भरायच्या दोन खोल्या आणि चाळीस खुर्च्यांचा एक हॉल. बाहेरची माणसं बोलावून चाचणीचा खेळ लावला की मी शेवटच्या रांगेत वही घेऊन बसते. कितव्या मिनिटाला, कुठल्या रांगेतून काय आलं ते लिहिते. हसू, खोकला, चुळबुळ, मोबाइलचा उजेड. खेळ संपला की कार्डं वाटते, गोळा करते, आणि दोन पानांचा अहवाल साहेबांना देते. साहेबांना सगळे कात्री म्हणतात. तोंडावर नाही.

आणि न्हाव्याचा आवाज माझ्या दादाचा आहे.

सख्खा भाऊ. मी दादा-वहिनीकडेच राहते. वीस वर्षं दादाने फक्त वाईट माणसांना आवाज दिला. विष कालवणारे, फोनवरून धमक्या देणारे, म्हाताऱ्यांना जिन्यावरून ढकलणारे. या वेळी तो स्वतः कात्रीकडे गेला आणि म्हणाला, "एकदा मला चांगला माणूस द्या." तीनदा आवाज तपासून मग न्हावी मिळाला. महिनाभर घरी सराव. वहिनी शेजारणींना सांगायची, "रोज संध्याकाळी आमचा माणूस सोफ्यावर मरतो, आणि मग उठून चहा मागतो."

वही. पहिला खेळ, मंगळवार, सकाळी अकरा. प्रेक्षक अडतीस.

००:०९:४० व्हिलन येतो. आधी घोड्याला पाणी पाजतो, मग स्वतः पितो. रांग २, बाई: "बघा, किती माया आहे जनावरावर."

००:१४:०५ व्हिलन तारबाबूचं बोट दारात चिरडतो. रांग ४, शिट्टी. (शिट्टी!)

००:२२:३० परका विचारतो, "कोणाला सांगितलं नाहीस ना?" न्हावी: "कोणालाच नाही." रांग ३, पुरुष, निळा शर्ट: "सांगितलं. सांगितलं याने."

००:४१:१० न्हावी परक्याची दाढी करतोय. रांग १, आजीबाई, मोठ्याने: "ऊठ रे बाबा तिथून."

००:५८:२५ गुत्तेवाली न्हाव्याला विचारते, "तू आमच्या बाजूचा ना?" न्हावी: "तुमच्याच." रांग २ आणि ४, हसू.

०१:१२:०० फौजदार लपून बसतो. काही नाही. एक जांभई.

०१:३८:०२ न्हावी मरतो. पाच-सहा जण हसले. निळा शर्ट: "बरं झालं, मेला." टाळी, एक.

दादा पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. नियमात बसत नाही, पण कात्रीने डोळेझाक केली. दिवे लागल्यावर तो माझ्याकडे आला, चेहरा असा की जणू आत्ता बक्षीस मिळालंय.

"काय शांतता होती गं माझ्या मरणाला! टाचणी पडली असती तरी कळलं असतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता.

"हो रे," मी म्हटलं.

घरी जाताना विचार करत होते. ते हसू सगळ्या हॉलभर ऐकू गेलं होतं. निळ्या शर्टाचा आवाज तर बाहेर पाणी भरणाऱ्यानेही ऐकला असेल. मग दादा हे असं का म्हणाला? मला फसवायला? स्वतःला? वीस वर्षं खोटारड्यांचे आवाज काढले त्याने. खोटं कसं बोलायचं ते त्याला कोणी शिकवायला नको.

अडतीसपैकी सव्वीस कार्डांवर दुसऱ्या प्रश्नाच्या पुढे एकच उत्तर. न्हावी.

कार्ड ४: न्हावी विचार करून उत्तर देतो. खरं बोलणाऱ्याला विचार कशाला लागतो?
कार्ड १२: व्हिलन निदान जे आहे ते तोंडावर बोलतो. न्हाव्याचं पोटात एक, ओठात एक.
कार्ड १९: न्हावी आणि गुत्तेवालीचं काहीतरी आहे.
कार्ड २०: १९ नंबरशी सहमत. (हे दोघे शेजारी बसले होते. एकमेकांचं बघून लिहू नये असं मी सांगितलं होतं.)
कार्ड २७: तारबाबूच्या बोटाचं वाईट वाटलं. पण तोही जरा आगाऊच आहे.
कार्ड ३६: व्हिलनच्या घोड्याचं पुढे काय होतं ते दाखवलं नाही.

कात्रीने गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला.

"आवाज बदलू," तो म्हणाला.

"साहेब, पण..."

"कानाला आठवण असते ताई. वीस वर्षं ज्याने लोकांच्या पेल्यात विष कालवलं, त्याचा वस्तरा मानेला लागला की माणूस दचकणारच. दादांचा दोष नाही. पण म्हणून मी सिनेमा घालवू?"

"अहवाल तरी लिहू दे."

"लिहा की. शुक्रवारी पाचपर्यंत. दुसरं काही कारण सापडलं, पटलं, तर ठेवू. नाहीतर सोमवारी नवा माणूस माइकसमोर." मग तो हळूच म्हणाला (तो नेहमीच हळू बोलतो, पुढे वाकून ऐकावं लागतं), "आणि कार्डं माझ्याकडे राहू देत. तुम्ही झेरॉक्स घेऊन जा."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर झेरॉक्स देतोय."

मंगळवारी संध्याकाळी वहिनीने मला गच्चीत गाठलं. कपडे काढायच्या निमित्ताने. दादा खाली होता.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुझ्या भावाचं बाहेर काय चाललंय?"

"काय चालणार वहिनी!"

"मग दर गुरुवारी चार वाजता कुठे जातो? बँकेत म्हणतो. बँकेत दर गुरुवारी काय असतं, भजन? फोन केला तर उचलत नाही. मेसेज कर म्हणतो. लपूनछपून बोलायचं असलं की माणूस मेसेज करतो, कळतं मला." तिने चिमटे एकेक करून डब्यात टाकले. "आणि हल्ली मी बोलायला लागले की हातातलं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. पूर्वी पेपरातून डोकं न काढता 'हूं' म्हणायचा. एकोणीस वर्षं झाली लग्नाला. आता कुठून एवढं प्रेम उतू चाललंय? अंदाज घेतो माझा. मला किती कळलंय ते बघतो."

"तुझा गैरसमज असेल."

"ती गुत्तेवाली कोण आहे?"

"कोण गुत्तेवाली?"

"सिनेमातली. तिचा आवाज कोण देतं?"

"वहिनी, तिला तीन नातवंडं आहेत."

"मग?"

मी कपड्यांच्या घड्या घालायला लागले. पण रात्रभर मनात ते तोंडाकडे बघणं घोळत राहिलं. त्यातून न्हाव्याचं आणि गुत्तेवालीचं काहीतरी आहे असं एकोणीस नंबरला वाटलंच होतं. वीस नंबर सहमत होता.

बुधवार. मी छोट्या खोलीत एकटी सिनेमा लावून बसले. मांडीवर वही, बाजूला झेरॉक्स. न्हाव्यावरचा संशय वहीत अकरा ठिकाणी टिपलेला होता. एकेक जागा काढली, थांबवली, बघितली.

२२:३०. न्हावी खुर्चीवर वाकलेला, कॅमेऱ्याकडे पाठ.
४१:१०. पाठ.
५८:२५. पाठ, वर टोपीची सावली.
१:०४. आरशात फक्त खांदा.

अकराच्या अकरा ठिकाणी न्हावी पाठमोरा. न्हाव्याचं कामच तसं, तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकणार आणि कॅमेरा त्याच्या मागे राहणार. मरणाचा प्रसंग सोडला, तर जिथे त्याचं तोंड दिसतं तिथे एकाही माणसाने हूं की चूं केलेलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, लोकांना पाठ आवडत नाही. मग फौजदार बघितला. फौजदार निम्मा सिनेमा पाठ करूनच उभा आहे, कोणी त्याला बोललं नाही. म्हणजे पाठीत दोष नाही.

मग मी डोळे मिटून ऐकलं.

"कोणाला सांगितलं नाहीस ना?"

...

"कोणालाच नाही."

मधे एक जागा होती. चुटकी वाजवता येईल एवढी. मूळ भाषेतला लावून बघितला: तिथे न्हावी प्रश्न संपता संपताच उत्तर देतो, वस्तरा न थांबवता. आपल्या भाषेत तो थांबतो. मग बोलतो. आणि त्या चुटकीभर जागेत अडतीस अनोळखी माणसं बसून विचार करतात: हा का थांबला?

साउंडवाल्याला बोलावलं. आमचा साउंडवाला सडपातळ, कमी बोलणारा माणूस.

"तोंड दिसतं तिथे हा वेळेवर बोलतो, पाठ असली की उशिरा. असं कसं?"

"तोंड दिसतं तिथे मी वाक्य ओढून ओठांवर बसवतो ताई. पाठीला ओठ कुठे असतात? तिथे जसं बोलले तसं ठेवलं."

"म्हणजे दादा सगळीकडेच उशिरा बोललाय?"

साउंडवाला टेबलावरची वायर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलीच होती ती.

"मला वाटलं, अभिनय आहे," तो म्हणाला.

थांबून म्हणाला. मी मनात म्हटलं, याला माहीत आहे. काय ते मला माहीत नाही, पण याला माहीत आहे.

बुधवार, संध्याकाळ. वहिनी भाजी आणायला गेली होती. दादा खिडकीशी उभा राहून इस्त्री करत होता, पाठ दाराकडे. मी चपला काढून आत आले. सहा-सात पावलांचं अंतर. नेहमीच्या आवाजात म्हटलं,

"दादा, शुक्रवारी तुझा आवाज काढून टाकणार आहेत."

त्याने कॉलर सरळ केली. इस्त्री फिरवली.

"दादा, तू मेलास तेव्हा लोक हसले."

शर्ट उलटा केला. बाही घेतली. शीळ घालत होता, कुठलंतरी जुनं गाणं, सूर जरा खाली गेलेला.

"वहिनीला वाटतं, तुझं बाहेर काहीतरी आहे."

बाहीवर पाणी शिंपडायला तो वळला आणि मला बघून केवढ्याने दचकला.

"तू केव्हा आलीस?"

"आत्ताच."

माझं खोटं अजिबात थांबलं नाही. मग मी तोंडावर हात धरला आणि हाताआडून विचारलं, "चहा टाकू?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. इस्त्री तशीच शर्टावर. वास यायला लागला तेव्हा मीच पुढे होऊन उचलली.

"हात काढ," तो म्हणाला.

मी काढला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष. आधी उजवा, आता दोन्ही. अगदीच नाही असं नाही. येतं. पण विरघळल्यासारखं येतं." तो स्टुलावर बसला. "हेडफोनचा आवाज वाढवला तर माइकमध्ये शिरतो. म्हणून वाढवत नाही. समोरचा बोलायचा थांबला अशी खात्री झाली की मग मी बोलतो. पाठांतर पक्कं आहे माझं. एक शब्द चुकलोय का सांग."

"नाही. शब्द नाही चुकलास."

"मग?"

मग मी त्याला सांगितलं. सव्वीस कार्डं, निळा शर्ट, ती एक टाळी. ऐकताना तो माझ्या तोंडावरून नजर हलवत नव्हता, आणि मला वहिनीचं पटलं, हे फार भीतिदायक वाटतं. आपण बोलतोय ते कोणी डोळ्यांनी वेचतंय.

"किती जण हसले?"

"पाच-सहा."

"मला वाटलं, शांतता आहे."

"माहितीय."

"तेव्हा 'हो रे' म्हणालीस."

मी इस्त्रीचा प्लग काढला.

"गुरुवारी डॉक्टरकडे जातोस ना? काय म्हणतात?"

"मशीन लावा म्हणतात. कानामागे. दिसतं ते."

"लाव की मग! आज वहिनीला सांगून टाकू. तिच्या डोक्यात काय काय आहे, तुला कल्पना नाही. तिला वाटतंय..."

"काय वाटतंय ते कळलंय मला. वाटू दे."

"वाटू दे? तुझं लफडं आहे असं?"

"लफडेबाज माणसाला काम मिळतं गं. आपल्या धंद्यात निम्मे तसलेच आहेत. बहिऱ्याला माइकसमोर कोण उभं करेल?"

"अरे पण गुत्तेवाली? तिला तीन नातवंडं आहेत!"

"ती कुठून आली मधेच?"

दोघंही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "न्हावी माझ्याकडून काढू नकोस. पुढचं काही नाही मिळालं तरी चालेल. हा एक राहू दे. लोकांनी एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवावा."

अहवाल, पहिला मसुदा. कलाकाराला कमी ऐकू येत असल्याने (फाडला.)

अहवाल, दुसरा मसुदा. साउंडच्या टेबलावर झालेल्या चुकीमुळे (साउंडवाल्याच्या घरी आजारी आई आहे. फाडला.)

अहवाल, तिसरा मसुदा. पाठमोऱ्या दृश्यांत न्हाव्याची अकरा वाक्यं उशिरा पडली आहेत. ती अलीकडे ओढून बसवावीत व पुन्हा चाचणी घ्यावी.

कारण लिहिलंच नाही. गुरुवारी सकाळी कात्रीने तो कागद उजेडात धरला, जसं काही मागच्या बाजूला आणखी लिहिलंय.

"उशिरा का पडली?"

दारातून साउंडवाला म्हणाला, "माझ्याकडून राहिलं साहेब."

"तुमच्याकडून?" कात्री हळूच म्हणाला. "गुत्तेवाली वेळेवर, तारबाबू वेळेवर, फौजदार जांभई देतो तीही वेळेवर. एकट्या न्हाव्याचंच राहिलं?"

"हो."

कात्रीने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"उद्या अकराला खेळ लावा," तो म्हणाला. "नवी माणसं. आणि ताई, या वेळी कार्डं मी स्वतः गोळा करणार."

अकरा वाक्यं ओढायला दीड तास लागला. साउंडवाला एका वाक्यावर रेंगाळला, न्हावी मरतानाच्या. ते ओढायचं नव्हतं, तोंड समोर होतं. "हे मात्र त्यांनी अगदी वेळेवर म्हटलंय," तो म्हणाला. "इथे समोरून कोणी काही विचारत नाही ना." तेवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

शुक्रवार. वहिनी हट्टाने आली. "मला ती बाई बघायचीय."

"ती पडद्यावर नाही दिसणार. फक्त आवाज."

"आवाजावरून कळतं."

कार्ड मिळणार नाही या अटीवर तिला तिसऱ्या रांगेत बसवलं. दादा पहिल्या रांगेत, त्याच्या कोपऱ्यात.

वही. दुसरा खेळ. प्रेक्षक पस्तीस.

००:०९:४० घोडा पाणी पितो. रांग १, मुलगी: "हा हिरो का?" आई: "नाही गं, हा वाईट." मुलगी: "मग घोडा का जातो याच्याकडे?"

००:२२:३० "कोणाला सांगितलं नाहीस ना?" "कोणालाच नाही." काही नाही. शांत.

००:४१:१० दाढी. शांत. रांग ४ मधला एक माणूस स्वतःच्या गालावरून हात फिरवतो.

००:५८:२५ "तू आमच्या बाजूचा ना?" "तुमच्याच." रांग २, बाई: "बिचारा."

०१:१२:०० फौजदार लपतो. रांग ४: "हाच फितूर आहे. बघ तू." (फौजदार फितूर नाही. पण कोणावर तरी संशय हवाच असतो, तो न्हाव्यावरून उठला आणि फौजदारावर जाऊन बसला.)

०१:३८:०२ न्हावी मरतो. कोणी हसलं नाही. रांग ५, नाक शिंकरलं, दोनदा. रांग १, मुलगी: "उठेल ना तो?" रांग ३, वहिनी: मान खाली.

०१:३८:४० अजून शांत.

कार्डं कात्रीने गोळा केली, हॉलमध्येच उभ्या उभ्या चाळली. दुसऱ्या प्रश्नापुढे तिघांनीच न्हावी लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, न्हाव्याच्या मरणाचा व्हिलनलाही पश्चात्ताप व्हायला हवा होता. बावीस जणांचा फौजदारावर राग.

"आवाज राहू द्या," कात्री म्हणाला आणि गठ्ठा घेऊन आत गेला.

मी पळतच बाहेर आले. जिन्याच्या तोंडाशी दादा उभा होता. लोक त्याच्या अंगावरून उतरत होते, आपसात बोलत. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती तोंडं फार भराभर हलत होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"राहिलास! आवाज राहिला!"

"ते नाही. मी मेलो तेव्हा काय झालं?"

"रडले. खरंच रडले."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग डोळ्यांकडे. मग परत तोंडाकडे.

"मंगळवारी मी शांतता म्हणालो, तेव्हाही तू हो म्हणालीस."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

"वही बघ. हे बघ, एक अडतीस दोन."

"वही तूच लिहितेस."

"कार्डं बघ मग!"

"ती कात्रीकडे आहेत." त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. रागाने नाही. पण अशी कोणी माझ्या हातात माझीच वही परत दिली नव्हती. सात वर्षं मी लोकांच्या हसण्या-खोकण्याचा हिशोब ठेवला, एक खोकला कधी पदरचा लिहिला नाही, आणि ज्याला माझ्याशिवाय ते कळणारच नव्हतं, त्याला माझं लिहिलेलं नको होतं.

वहिनी पाण्याच्या पिंपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. वहिनी तोंडदेखलं बोलत नाही. लग्नातल्या फोटोंवरून अजून सासरच्या माणसांशी भांडते. दादाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो सरळ तिच्याकडे गेला.

"कसं होतं?"

तिने मान न वळवता काहीतरी म्हटलं. रुमाल नाकाला लावलेला.

"काय म्हणालीस?"

ती पुन्हा पुटपुटली. मी चार पावलांवर होते, मलाही कळलं नाही. दादा तिच्या बाजूने फिरून समोर गेला. तिने मान आणखी खाली घातली.

मी त्याचा चेहरा बघत होते. दीड वर्ष त्याने सांभाळलं होतं ते. बायकोने नाही नाही ते मनात आणलं तरी सांभाळलं होतं.

"वर बघ," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही मला. दीड वर्ष झालं. तोंड वर कर आणि सांग, मी मेलो तेव्हा काय झालं?"

वहिनीने रुमाल खाली घेतला. डोळे लाल. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात गेल्या दीड वर्षातले सगळे गुरुवार तिच्या चेहऱ्यावरून गेले. मग ती अशी ओरडली की जिना उतरणारी माणसं थांबली.

"रडले मी! मेलास तेव्हा रडले! सगळा हॉल रडला! आणि दर गुरुवारी कुठे मरायला जातोस ते सांग आधी!"

"कानाच्या डॉक्टरकडे."

"मग मला सांगायला तोंड नव्हतं?" तिने पेला पिंपावर आपटला. "मी त्या म्हातारीचा जीव घ्यायला निघाले होते!"

"तिला तीन नातवंडं आहेत," दादा म्हणाला, आणि वहिनी रडता रडता हसली, त्याच्या दंडावर एक चापट मारून.

तेव्हाच मला दिसलं, कात्री आमच्या मागे दारात उभा आहे. हातात कार्डांचा गठ्ठा. कधी आला, किती ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता. दादाची त्याच्याकडे पाठ होती.

"पुढच्या सिनेमात एक डॉक्टर आहे," कात्री म्हणाला. नेहमीसारखा हळू. की नेहमीपेक्षा हळू? "चांगला माणूस आहे. करणार का?"

दादा वहिनीकडेच बघत होता. एक क्षण गेला. मी तोंड उघडलं, पण वहिनी माझ्या आधी बोलली, दादाच्या तोंडासमोर तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

"विचारतायत, डॉक्टर करणार का!"

दादा वळला. कात्रीकडे बघितलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"सांगा. फक्त उत्तराला उशीर लावू नका." कात्रीने गठ्ठा खिशात घातला आणि जिना उतरून गेला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कधीच नसतं.

"कानाचं याला कोणी सांगितलं?" वहिनी म्हणाली.

दादा माझ्याकडे वळला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मी नाही," मी म्हटलं.